भरलेला असलास तरी थांब

असोदा,
रविवार दुपार (घरातील सर्व मंडळी झोपलेली असताना)

तीर्थरूप प्रमिला आत्यांस,

भाची दिपमाला हिचा साष्टांग नमस्कार. नमस्कार मनातल्या मनात केला आहे, कारण खोलीत आई झोपली आहे आणि मी फरशीवर पालथी पडलेली दिसले तर तिला कारण सांगावे लागेल. तुमचे गुडघे आता कसे आहेत? जिन्याला कठडा बसला का? डोळ्यांत औषध घालताना मान मागे टाकावी, पण उभ्याने टाकू नये, असे आई सांगते. पत्राच्या आरंभी ‘येथे सर्व क्षेम’ असे लिहिण्याची रीत तुम्हीच मला शाळेच्या सुट्टीत शिकवली होती. ती मी मोडणार नाही. येथे सर्व क्षेम आहे. आता भीतीविषयी लिहिते.

(त्यापूर्वी एक किरकोळ गोष्ट. तुमच्या वाचनालयात श्री. भोळे नावाचे नवे साहाय्यक ग्रंथपाल आले असून ते पुस्तकांच्या पानांचे दुमडलेले कान एकेक करून सरळ करतात, असे तुम्ही मागील पत्रात लिहिले होते. वाचून समाधान वाटले. हे गृहस्थ पूर्वी यावलकडून जळगावला आमच्याच सकाळच्या बसने जात असावेत, असा माझा अंदाज आहे. खिडकीपाशी बसत. पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टण असे. अंदाजच आहे, यावलकडे भोळे पुष्कळ आहेत.)

हे सर्व फोनवर का सांगितले नाही, असे तुम्ही म्हणाल. फोनवर माझ्या तोंडून ‘हं’ आणि ‘बरं’ यांखेरीज काही निघत नाही, हे तुम्ही जाणताच. शिवाय आमच्या घरात फोनवर बोलणाऱ्याच्या भोवती सगळे गोळा होतात, जणू विहिरीत कोणी पडले आहे. म्हणून हे पत्र भरताच्या वांग्यांच्या पिशवीत तळाशी ठेवून, केळीची गाडी घेऊन धुळ्याकडे निघालेल्या पुनाभाऊंच्या हाती देत आहे. पुनाभाऊ वांगी हलवतील, पण वाचणार नाहीत. तरीही पत्र भलत्याच्या हाती पडण्याचा धोका असतोच, आणि अर्धवट वाचलेले पत्र पूर्ण वाचलेल्यापेक्षा घातक असते, म्हणून सगळी माणसे मी नीट ओळख करून देऊन लिहिणार आहे. (हे लिहून झाल्यावर लक्षात आले की त्यामुळे धोका वाढतो. पण खाडाखोड केलेले पत्र तुम्हाला पाठवण्याची भीती अधिक आहे.)

आपला हेमराज, म्हणजे नानाकाकांचा मुलगा आणि तुमचा भाचा, याने कॉलेजात असताना एक रॉक बँड काढला, हे तुमच्या कानी आले असेलच. कानी आले नसेल तर तुम्ही भाग्यवान. बँडचे नाव ‘करपा’. केळीच्या पानांवर पडणाऱ्या रोगाचे नाव गाणाऱ्यांच्या टोळीला देऊ नये, असे भाऊंनी (माझे वडील, तुमचे धाकटे बंधू चुडामण) त्याला परोपरीने सांगितले. बागेत त्याने तो शब्द उच्चारला तरी भाऊ घडांकडे पाहून हात जोडत. पण हेमराजचे म्हणणे असे की रॉक बँडच्या नावाने माणसाच्या पोटात गोळा यायला हवा, आणि आमच्या भागात याहून मोठा गोळा आणणारा शब्द नाही. तालमीला त्यांनी केळी पिकवण्याची एक बंद पडलेली खोली धरली. तिच्या भिंती जाड असल्याने आवाज बाहेर येत नसे. आतील मुले मात्र तालीम संपवून निघत तेव्हा पिवळी दिसत. ड्रम वाजवणारा तौफिक हा जळगावला पत्र्याचे कूलर बनवणाऱ्या सत्तारचाचांचा मुलगा. बेस नावाची जाड तारांची गिटार वाजवणारा अतिक हा कोणाशीच बोलत नाही. त्यामुळे तिघांत मला त्याच्याशीच सर्वांत मोकळेपणा वाटतो.

आता माझ्याकडे येते. बँडला शब्द हवे होते. हेमराजला ‘आग’ या शब्दापुढे काही सुचत नसे. घरात मराठीत पहिली येणारी मुलगी आहे, तर तिने शब्द द्यावेत, असे ठरले. ठरले म्हणजे हेमराजने ठरवले. मी ‘अं’ म्हटले. मी होकार दिला त्यामागे एकच विचार होता, आणि तो त्या वेळी मला फार शहाणपणाचा वाटला. हेमराज जे करी त्याला गाणे म्हणत असले तरी त्यातील एकही शब्द मनुष्यमात्राला ऐकू येत नसे. माझ्यासारख्या भित्र्या मुलीला लिहिण्यासाठी याहून सुरक्षित जागा जगात नव्हती. जे कोणापाशी बोलता येत नाही ते लिहावे आणि तौफिकने त्यावर ड्रम घालावेत. माझे शब्द त्या आवाजाच्या पोटात, कडब्याच्या गंजीत टाचणी पडावी तसे सुखरूप राहत. कार्यक्रमाच्या पत्रकावर कवी म्हणून माझ्या सांगण्यावरून ‘अज्ञात’ असे छापले जाई. त्यावर सत्तारचाचांनी एकदा आदराने विचारले, “ये अज्ञात साहब कौन है? बुऱ्हाणपूर के है क्या?” तौफिकने हो म्हणून टाकले. तेव्हापासून मी बुऱ्हाणपूरची आहे, आणि मला ते आवडले होते.

त्या गाण्यांतील एक गाणे ‘थांब’. हे गाणे बसवर आहे. आत्या, कृपया हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे लागेल: हे गाणे बसवर आहे. मी एम.ए.साठी जळगावला जात असे, तेव्हा सकाळची बस आमच्या थांब्यावर थांबत नसे. ती यावलकडूनच इतकी भरून येई की दारात पायरीवर माणसे लोंबकळत, आणि मी हात उंचावून उभी असता ती धूळ उडवून निघून जाई. एका खिडकीतून कोणी मागे वळून पाहत असे, तेही कळत असे; पण खिडकीतल्या माणसाच्या हाती ब्रेक नसतो. त्या संतापाने (हो, संतापानेच) मी लिहिले:

दुरून दिसलास की जीव थाऱ्यावर राहत नाही,
हात उंचावते मी, आणि तू पुढे निघून जातोस.
थांब, भरलेला असलास तरी थांब,
तुझ्या दारातल्या पायरीवर मी मावेन.

हेमराज हे ज्या प्रकारे म्हणे त्यात फक्त ‘थांब’ एवढेच ओळखू येई, तेही कुत्र्याला दटावल्यासारखे. जळगावच्या एका कार्यक्रमात त्याने ते इतक्यांदा म्हटले की मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, “आम्ही थांबलो आहोत, आता तुम्हीच थांबा!” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बँडला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या. मी कोपऱ्यात ओढणीत तोंड लपवून बसले होते आणि फार सुखात होते.

माझ्या या सुखाचा अंत पारोळ्याला झाला, आणि त्याला कारण झाले ‘बँड’ या एका शब्दाचे दोन अर्थ आणि भरीत. पारोळ्याहून ज्ञानेश्वरनाना नावाच्या वधुपित्याचा हेमराजला फोन आला. “भाऊ, तुमना बँड शे ना?” हेमराज आनंदाने म्हणाला, “शे ना, नाना!” “मंग लगीनले या. बठ्ठा लोके येतस, गर्दी शे.” गर्दी म्हटल्यावर हेमराजने पुढचे काही ऐकलेच नाही. नानांना हवा होता वरातीपुढे चालणारा, लाल कोट घातलेला, पिपाण्या वाजवणारा बँड. आणि त्यांच्या दारी उतरली काळे कपडे घातलेली तीन मुले, ज्यांपैकी एकालाही चालता चालता वाजवता येत नव्हते. त्यातून आदल्या दिवशी आमच्या शेतात भरिताची पार्टी झाली होती. वांगी तुराट्यांवर भाजली होती आणि हिरव्या मिरच्या आईने ठेचल्या होत्या. (तुम्हाला तुमच्या वहिनीचा हात ठाऊक आहे.) हेमराजने शहरातल्या मित्रांपुढे मर्दुमकी दाखवण्यासाठी वाढून वाढून घेतले, वर रात्रभर ओरडला. सकाळी त्याच्या घशातून फक्त वारा येत होता. शब्दच्या शब्द, पण वारा.

नाना त्यांना घालवून देणार होते. म्हणाले, “पिपानी नही, कोट नही, अनि म्हने बँड!” पण तोवर पाठवणीची वेळ झाली आणि वाजवायला दुसरे कोणी नव्हते. “काही तरी वाजाडा रे भो,” असे नानांनी हात जोडून म्हटल्यावर तौफिकने घाबरून काठ्या खाली ठेवल्या आणि नुसत्या बोटांनी ताल धरला. हेमराज तेवढ्या वाऱ्यात म्हणता येईल असे जे एक गाणे होते ते म्हणू लागला. बसलेल्या घशाने. हळू. एकेक शब्द सुटा, स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखा. “थांब... भरलेला असलास तरी थांब...” मी मिसबाहबरोबर, म्हणजे तौफिकच्या बहिणीबरोबर, बायकांत बसले होते. प्रथम मला वाटले की वीज गेली म्हणून शांत झाले. मग कळले की ही माझी वाक्ये आहेत आणि ती मांडवातल्या सगळ्या माणसांना ऐकू येत आहेत. आत्या, स्वप्नात आपण शाळेत जातो आणि आपल्या अंगावर गणवेश नाही असे दिसते, ते स्वप्न मला जागेपणी, पारोळ्याला, जेवणाच्या पंगतीशेजारी पडले.

नवरी रडली. नवरीची आई रडली. नाना खांबाला धरून रडले. नवरीची आजी धुरपदाबाई डोळे पुसत हेमराजपुढे जाऊन उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, “परत म्हन रे भाऊ.” त्याने परत म्हटले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे: “अनि तो कोन शे रे? थांबना नही, तो?” मांडवातल्या सगळ्या बायका हेमराजकडे पाहू लागल्या. मी मिसबाहच्या मागे सरकले. ती कानात म्हणाली, “दीदी, तू थरथरू नको, माझ्या बांगड्या वाजताहेत.”

कोणीतरी मोबाईलवर ते टिपले आणि त्यानंतर जे झाले ते तुम्ही धुळ्यात ऐकतच असाल. आता खान्देशात या गाण्यावाचून मुलगी सासरी जात नाही. घसा बरा झाल्यावर हेमराजने पुन्हा एकदा पूर्वीसारखे ओरडून पाहिले, पण लोकांनी त्याला मध्येच थांबवून “तुमची तब्येत बरी नाही का?” असे काळजीने विचारले. तेव्हा त्याने काळे जाकीट पेटीत ठेवले (जळगावच्या उन्हाळ्यात ते अंगात घालणे हा मुळातच गुन्हा होता), पांढरा कुडता शिवला, आणि जाहीर केले की करपा आता ‘सोलफुल’ झाला आहे. आईने विचारले, “सोलफूल? केळफुलासारखं राह्यतं का ते? भाजी होते का त्याची?” भाऊ म्हणाले, केळे सोलतात तसे काही असेल. हेमराजने आत्मा, अंतःकरण वगैरे पुष्कळ समजावले. शेवटी भाऊच बरोबर ठरले, असे मला वाटते: कोणाला तरी सोलल्याखेरीज हे संगीत होत नसावे. तौफिक आता काठ्यांऐवजी तारांचे मऊ ब्रश फिरवतो. सत्तारचाचा म्हणतात, “पहले बजाता था, अब झाडता है.” त्याच्या आई सकीनाचाची मात्र प्रसन्न आहेत, त्यांच्या मते तौफिक इतका चांगला कधीच वाजवत नव्हता, आता अजिबात ऐकू येत नाही.

बँडचे कल्याण झाले आणि माझे निवाऱ्याचे छप्पर उडाले, एवढाच याचा सारांश. विहिरीवर, देवळात, गिरणीत एकच चर्चा: तो कोण? गिरणीतल्या बायकांच्या मते तो सैन्यात आहे, म्हणून पुढे निघून जातो. आमच्या शेजारीणबाईंनी ‘भरलेला असलास तरी’ यावरून असा निष्कर्ष काढला की तो विवाहित असून त्याला मुले आहेत. ‘दारातल्या पायरीवर मी मावेन’ हे ऐकून आईने माझ्या ताटात भाकरी वाढता वाढता म्हटले, “काय लाचार पोरगी आहे बाई! आपल्या घरात अशी निपजली नाही, देवाचे उपकार.” आणि भाऊ! भाऊ ते गाणे बागेत पाणी देताना गुणगुणतात. परवा त्यांनी फावडे टेकवून मला विचारले, “दिपे, कोनाची असंन बापा ही पोरगी? तिच्या बापानं त्या पोऱ्याले थांबवाले पाह्यजे होतं.” मी रात्रंदिवस या वाक्याचा अन्वय लावते आहे. ‘थांबवणे’ हे क्रियापद चहासाठीही वापरतात आणि काठीसाठीही. भाऊंच्या हातात त्या वेळी फावडे होते, त्यामुळे अर्थ निश्चित होत नाही.

आता प्रत्यक्ष संकट. येत्या रविवारी धुळ्याला ‘थांब: एक भावसंध्या’ असा मोठा कार्यक्रम आहे, हे तुम्ही फलकांवर वाचले असेल. फलकाच्या खालच्या ओळीकडे तुमचे लक्ष गेले का? ‘आणि प्रथमच रसिकांसमोर: या गीताची कवयित्री!’ आयोजकांनी हेमराजला विचारले, गाणे लिहिले कोणी, आणि तो म्हणून गेला, “घरचीच आहे.” शाल, श्रीफळ आणि मुलाखत. निवेदिका सर्वांदेखत पहिला प्रश्न काय विचारणार, हे आयोजकांनी आधीच कळवले आहे, म्हणजे मी तयारीने यावे. प्रश्न तोच आहे. मी हेमराजला विरोध केला. म्हणजे मी ‘अं’ म्हटले. त्याला ती संमती वाटली, वर म्हणाला, “लोकांना खरं पाहिजे असतं दिपे, सोलफुल म्हंजे तेच.” आणि आपला हेमराज एवढ्या मोठ्या मंचावर गाणार, म्हणून गावाने मारुतीच्या पारापुढे पडदा लावून कार्यक्रम दाखवण्याचे ठरवले आहे. पडदा बांधण्याची जबाबदारी भाऊंनी घेतली आहे. पुढच्या रांगेत आई बसणार आहे.

तुम्हाला ठाऊक आहे की बी.एड.साठी तुमच्याकडे धुळ्याला येऊन राहण्याविषयी मी भाऊंना विचारले आहे. भाऊ ‘पाहू’ म्हणाले. भाऊंचा ‘पाहू’ हा ‘हो’च्या अगदी शेजारी राहतो, पण मध्ये कुंपण आहे. रविवारी त्या पडद्यावर मी दिसले, आणि मला विचारले की तो कोण, तर ते कुंपण भिंत होईल. आणि पुढच्या सोमवारी आमच्या ओसरीवर धुळ्याऐवजी मला पाहायला पाहुणे येतील. खरे सांगून टाक, म्हणाल. मी आरशापुढे म्हणून पाहिले: “ती बस आहे.” आत्या, मीच विश्वास ठेवला नाही.

असो. सविस्तर लिहिण्याच्या भरात पत्र लांबले. त्रास देण्याचा हेतू नाही. रविवारी हेमराज, तौफिक आणि अतिक तुमच्याकडे जेवायला येतील, तेव्हा हेमराजला मिरची कमी वाढावी. त्याचा घसा आता पुष्कळांच्या उपयोगाचा आहे. अतिक मागणार नाही, त्याला न विचारता वाढावे. तुमच्या प्रकृतीस जपावे, जिना चढताना घाई करू नये. आतोबांच्या तसबिरीला माझा नमस्कार सांगावा. थोरामोठ्यांस दंडवत, आणि मांजरीला मी विचारले म्हणून सांगावे.

तुमची आज्ञाधारक, आणि या क्षणी पाय गार पडलेली,
दिपमाला

ता. क. : एक विनंती राहिली. रविवारी मंचावर माझ्याऐवजी तुम्ही जावे. फलकावर फक्त ‘कवयित्री’ लिहिले आहे. नाव नाही, वय नाही. ‘घरचीच आहे’ हे तुमच्याबाबतीतही खोटे नाही. तुम्ही पस्तीस वर्षे वर्गापुढे उभ्या राहिल्या आहात, तुमच्यापुढे माइकच घाबरतो. हेमराज हरकत घेणार नाही, कारण तुम्ही त्याचीही आत्या आहात आणि त्याचा पाढ्यांचा इतिहास तुमच्यापाशी आहे. मी आजारी आहे असे येथे सांगेन, म्हणजे भाऊ शाल आणि श्रीफळ तुमच्या हाती पाहून म्हणतील, “आमची अक्का पहिल्यापासूनच हुशार!” निवेदिकेने विचारले की तो कोण, तर तुम्ही खणखणीत आवाजात ‘बस’ असे सांगावे. तुमच्या वयाच्या बाईने बस म्हटले तर लोकांना बसच दिसेल. माझ्या वयाच्या मुलीने म्हटले तर लोक खिडक्या मोजू लागतील.

ता. क. २ : वर लिहिलेल्या चार ओळी वाचताना तुमचा हात लाल पेनाकडे गेला असेल, अशी भीती वाटते. त्यात तुम्हाला व्याकरणाची एक चूक दिसेल. एवढ्या खान्देशात ती कोणाच्याही लक्षात आलेली नाही, पण तुमच्या येईल. कृपया ती दुरुस्त करू नये. आणि मंचावर तिच्याविषयी अवाक्षर काढू नये.

ता. क. ३ : पिशवी बांधून झाली होती, पुन्हा सोडली. पुढच्या रांगेतील एक आसन वाचनालयाच्या श्री. भोळ्यांसाठी ठेवता आले तर पाहावे. न आले तरी चालेल. (आलेच पाहिजे असे नाही. पण ठेवावे.) कार्यक्रम संपल्यावर त्यांनी तुम्हाला गाठून, तो कोण, असे विचारलेच, तर त्यांनाही बसच सांगावी. आणि मग जाता जाता, सहज, गुडघ्याविषयी बोलावे तसे, ‘बस’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहे, एवढी आठवण करून द्यावी.